नळीवरील चिठ्ठी

वाशिमच्या रुग्णालयात आपल्या आईचे रक्त घेतले जाते, तेव्हा नळीवरील चिठ्ठीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. विदर्भाला मात्र तिचे मोल ठाऊक असायला हवे. १९६५ साली नागपूर भागातील चांदीपुरा येथे तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने एक नवा विषाणू वेगळा केला. तो मूळ विषाणू ६५३५१४ या क्रमांकाने आजही ओळखला जातो. २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने मुले दगावली, तेव्हा नव्याने सापडलेला विषाणू या जुन्याशी ताडून पाहता आला. क्रमांक पुसला असता, तर ताडायचे कशाशी?

उणे ८० अंश सेल्सिअसला साध्या चिठ्ठीचा डिंक सुटतो. नळी बाहेर काढताच तिच्यावर दव जमते आणि शाई पसरते. म्हणून थंडीत टिकणारी चिठ्ठी गोठवण्यापूर्वी, नळी कोरडी असतानाच लावतात, आणि तीही नळीच्या अंगावर. झाकणांची अदलाबदल होऊ शकते.

पण चुकीचे नाव कितीही घट्ट चिकटवले तरी चुकीचेच. रक्त घेतल्यावर रुग्णाजवळच चिठ्ठी लागते ना, हे आपण पाहावे. नाव, वय, तारीख वाचून घ्यावी. आणि नाव रुग्णाला किंवा आपल्याला सांगू द्यावे. ‘तुम्ही शांताबाईच ना?’ असे विचारले, तर कमी ऐकू येणारी आजी मान डोलावतेच.