अरबी शिकायची, पण कोणती?

मागच्या आठवड्यात इंदूरच्या एका ताईंचा फोन आला. मुलगी नर्स आहे, कुवेतला निघालीय, हातात तीन महिने आहेत. "पुस्तकातली अरबी शिकू दे की बोलीतली?" आज त्यावरच बोलतो. पण आधी माझी फजिती ऐका.

दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत १९९८ साली आपली बटालियन गेली. पुढच्या एका तुकडीत मी होतो. आपले पशुवैद्य तिथे गावोगावी जाऊन शेळ्यामेंढ्या तपासायचे. मी वर्षभर अरबी शिकून गेलेलो, तीही फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी. वर्तमानपत्र बऱ्यापैकी वाचायचो, त्यामुळे ऐट होती.

एका संध्याकाळी एक धनगर गेटवर आला. दुभाष्या रजेवर. मी विचारलं, "माझा तुरीद?" म्हणजे काय हवंय? त्याला बरोबर कळलं. मग तो भडाभडा बोलायला लागला आणि त्यात सारखं "हल्ला, हल्ला". फौजी माणूस मी, मराठी कान. क्षणभर वाटलं, कुणी हल्ला केला की काय! हातवाऱ्यांवरून शेळीचं काहीतरी आहे एवढं समजलं. मी म्हणालो, "गदन", उद्या. तो मान हलवत गेला. शेळी अडली होती. सकाळी डॉक्टर पोचले तेव्हा शेळीही गेली होती, करडूही.

"हल्ला" म्हणजे आत्ता. माझ्या पुस्तकात त्याला "अल्-आन" होतं.

गंमत म्हणजे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. "हा वक्त" याचंच ते झिजलेलं रूप. लेबनॉनच्या शहरी बोलीत "क़" घशात गिळतात, त्यामुळे क़हवाचं "अहवे" होतं. जवळच्या हासबयामधले द्रूझ लोक मात्र तो "क़" ठणठणीत उच्चारतात. आत्ता या एका शब्दाला कैरोत "दिलवअती", बगदादमध्ये "हस्सा", आखातात "अल्हीन" आणि मोरोक्कोत "दाबा".

तर मुद्दा असा की फुस्हा बोललात तर समोरच्याला कळतं, तो शाळेत तेच शिकलेला असतो, बातम्या त्यातच ऐकतो. पण तो उत्तर देतो घरच्या बोलीत, आणि तिथे आपण अडकतो. आपल्या प्रमाण मराठीशी तुलना करू नका. प्रमाण मराठी कित्येक घरांत बोलतात. फुस्हा कुणाचीच मायबोली नाही. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ च्या लेखात अशा दुहेरी व्यवस्थेला "डायग्लोसिया" म्हटलं, तेव्हा अरबी हे त्यांचं एक मुख्य उदाहरण होतं.

म्हणून मग फुस्हा टाकून द्यायची का? अजिबात नाही. सरकारी कागद, करारपत्र, पाट्या सगळं तीत. कुराण किंवा जुनं साहित्य वाचायचं असेल तर दुसरा रस्ताच नाही. शिवाय वकील, हिशेब, अर्ज, जिल्हा, तालुका, मजकूर हे अरबी मुळाचे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आलेले आहेत, त्यामुळे धातू ओळखायला आपल्याला जड जात नाही. ज्याला अभ्यासक किंवा अनुवादक व्हायचंय त्याने फुस्हापासूनच सुरुवात करावी. पण ज्याला माणसांत काम करायचंय त्याने एक बोली धरावी. एकच! सिनेमे आहेत म्हणून इजिप्तची, गाणी आवडतात म्हणून लेबनॉनची, अशी खिचडी केलीत तर कुठलीच जिभेवर बसत नाही.

ताईंना मी सांगितलं: पहिले तीन आठवडे फक्त लिपी आणि आकडे, औषधाची चिठ्ठी वाचण्यापुरते. नंतर थेट कुवेती बोली. पुस्तक शिकवेल "अयना अल्-अलम", वेदना कुठे आहे. वॉर्डात विचारायचं "वेन यअव्वरक", कुठं दुखतंय. बाई असेल तर शेवटच्या "क"चा "च" होतो. तिचे सहकारी बरेचसे मल्याळी असतील, कामापुरतं इंग्रजीवर भागेल. बोली ऐकायची तर तिला पेशंट आजीबाईंपाशीच बसावं लागेल.