आधी अंक, मग पुस्तक, मग पडदा

मंडळी, ‘सोऽयं देवदत्तः’ हे आपल्या तत्त्वज्ञानातलं जुनं उदाहरण. तेव्हा, तिथे पाहिलेला तो देवदत्त आणि आज समोर उभा असलेला हा देवदत्त एकच, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? आज हाच प्रश्न मला चिंटूला विचारायचा आहे. हसू नका. सकाळी पेपरात दिसणारा चिंटू, पुस्तकात एकत्र छापलेला चिंटू आणि थिएटरातला चिंटू, हे तिघे एकच का?

हा प्रश्न नीट मांडायचा तर आधी जपानला जावं लागेल, कारण पात्रांची ही ये-जा तिथे फार शिस्तीत चालते. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती प्रथम साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः येते. अंक जाडजूड, कागद हलका; वाचून झाला की बहुतेक लोक टाकून देतात. प्रकरणं साठली की त्यांचं छोटं पुस्तक निघतं, त्याला ‘तान्कोबोन’ म्हणतात. घरात टिकतं ते हे. मालिका चालली तर ॲनिमेशन आणि चित्रपट येतात, आणि मूळ खोडाला फांद्या फुटतात: दुय्यम पात्राची वेगळी मालिका, नायकाच्या बापाचं तरुणपण, असं काहीही.

आता डोरेमॉन घ्या. तुमची नातवंडं टीव्हीवर बघतात, तोच. फुजिको फुजिओ या जोडनावाने लिहिणाऱ्या दोघांपैकी हिरोशी फुजिमोतो यांनी तो काढला. १९७० च्या जानेवारी अंकापासून तो शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या मासिकांत सुरू झाला. मासिकांत म्हणतो, कारण ती एकाच वेळी सहा होती! बालवाडीपासून चौथीपर्यंत प्रत्येक वयासाठी वेगळं मासिक आणि प्रत्येकात वेगळी गोष्ट. म्हणजे पहिलीतला मुलगा आणि चौथीतली त्याची बहीण एकाच महिन्यात दोन निराळे डोरेमॉन वाचत होती. १९७४ पासून त्याची पुस्तकं निघू लागली, एकूण ४५. पण गोष्टी १३०० च्या वर. कितीतरी बाहेर राहिल्या, आणि वयाप्रमाणे लावलेला तो क्रमही पुस्तकात मोडला. पुढे १९८० मध्ये पहिला मोठा चित्रपट आला. त्यासाठीची दीर्घकथा ‘कोरोकोरो’ मासिकात खास रेखाटली गेली. इथे गंगा उलटी वाहिली: पडद्यासाठी अंक.

मला सर्वांत मोलाची वाटते ती नंतरची गोष्ट. २००९ पासून या लेखकाचं समग्र साहित्य निघालं, आणि त्यात डोरेमॉनच्या गोष्टी वाचकांच्या शाळेच्या इयत्तांप्रमाणे लावल्या. अमुक साली पहिलीत गेलेल्या मुलाने वरच्या वर्गात जाता जाता जे वाचलं असतं, ते त्याच क्रमाने! वाचकाचं बालपण हेही प्रकाशनाच्या इतिहासाचं अंग आहे, हे त्या संपादकांनी ओळखलं. जुने अंक कुणीतरी जपले होते, म्हणून हे जमलं.

चिंटूचा सख्खा जपानी नातेवाईक मात्र डोरेमॉन नाही, तर ‘साझाए-सान’. माचिको हासेगावा या बाईंनी ही चार चौकटींची घरगुती पट्टी १९४६ मध्ये फुकुओकाच्या एका स्थानिक पेपरात सुरू केली. पुढे ती ‘आसाही’त गेली आणि १९७४ ला थांबली. ॲनिमेशन १९६९ ला सुरू झालं, ते अजून चालू आहे. सुरुवातीला साझाए अविवाहित होती, मग तिचं लग्न झालं. म्हणजे पेपरात काळ थोडा तरी सरकला. पडद्यावर तो ठप्प आहे.

आपला चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ ला ‘सकाळ’मध्ये अवतरला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचं हे पोर. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू ही मंडळी रोज चहाबरोबर यायची. पट्टीला त्या दिवसाचा संदर्भ असतो: पाऊस, परीक्षा, गणपती. संग्रहात विनोद राहतो, पण तो दिवस जातो. जुलैतला चिंटू आपण मे महिन्यात आंबा खात वाचतो. २०१२ आणि २०१३ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी चित्रपट केले, तेव्हा तर हाडामांसाची मुलं आली. पट्टीतला चिंटू वर्षानुवर्षं तेवढाच राहू शकतो. नट मुलाला पुढच्या वर्षी मिसरूड फुटते.

फास्टर फेणेचं उलट झालं. भा. रा. भागवतांचा बनेश पुण्याच्या विद्याभवनातला शाळकरी पोरगा. दूरदर्शनवर तो सुमीत राघवनच्या रूपात आला. २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे, आणि खुद्द भागवत त्यात एक पात्र आहेत! तरी ‘ट्टॉक’ ऐकलं की आपण ओळखतो, हाच तो. वय गेलं, शाळा गेली. ओळख एका आवाजावर टिकली. माझ्या मते हे चालतं, पण एका अटीवर: पहिलं रूप बघायला मिळालं पाहिजे. ‘हा’ ‘तोच’ म्हणायला ‘तो’ कुठेतरी शिल्लक हवा ना.

आपल्याकडे मुलांचे अंक रद्दीत जातात. याला एक ठसठशीत अपवाद पुण्यातच आहे: बालभारतीने १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक संगणकावर मोफत वाचायला ठेवलेत. ते जरूर उघडा. आणि तुमच्या माळ्यावर इतर मासिकांचे गठ्ठे असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी निदान एका वहीत उतरवून ठेवा: मासिकाचं नाव, महिना, वर्ष, गोष्टीचं शीर्षक, आणि खाली ‘क्रमशः’ छापलंय का.