सोलरची बॅटरी : एएच नव्हे, युनिट विचारा

छतावर सोलर बसवले की वीज गेली तरी मशीन चालेल, असे अनेक कारागीर बंधूंना वाटते. तसे होत नाही. महावितरणच्या लाइनला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा वीज जाताच स्वतः बंद होते. खांबावरच्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. तिला बॅटरी जोडायची तर इन्व्हर्टर हायब्रिड हवा.

बॅटरी घेताना दुकानदार 'एएच' सांगतो. आम्ही म्हणतो, युनिट विचारा. १२ व्होल्ट, १५० एएचची पाण्याची बॅटरी म्हणजे १.८ युनिट, पण रोज निम्म्याहून जास्त वापरली तर ती लवकर बसते. हाती येते ०.९. लिथियमची १२.८ व्होल्ट, १०० एएच म्हणजे १.२८ युनिट, त्यातले ८० टक्के, म्हणजे एक युनिट, निर्धास्त वापरावे. शिलाई मशीन १०० वॉट, दोन पंखे १४०, दोन ट्यूब ४० : तीन तासांना ०.८४ युनिट. इन्व्हर्टर थोडी वीज खातो, तरी भागते. मोठ्या घराला ४८ व्होल्टची लागते, हिशेब हाच.

लिथियममध्ये आयर्न फॉस्फेटचीच घ्यावी, आगीचा धोका कमी. खरा घोटाळा पुढे होतो. पैसे वाचवायला लोक ती जुन्याच इन्व्हर्टरला जोडतात. पाण्याच्या बॅटरीला अधूनमधून दिला जाणारा जादा व्होल्टेजचा चार्ज लिथियमला मारक आहे. लिथियमची सेटिंग नसेल तर आधी इन्व्हर्टर बदला. मध्ये डीसी फ्यूज हवाच. तापणाऱ्या पत्र्याखाली किंवा कापडाच्या गठ्ठ्यांजवळ बॅटरी ठेवू नये. आणि गॅरंटीची वर्षे बिलावर लिहून घ्यावीत.