‘जनावर’ म्हणावं की साप? शिराळ्यातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

सांगली जिल्ह्यातलं शिराळा नागपंचमीसाठी देशभर ओळखलं जातं. तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव न घेण्याची रीत इथे, तशीच महाराष्ट्रात इतरत्रही, जुनी आहे. ‘जनावर’, ‘लांबडं’ म्हणतात आणि दंश झाला तर ‘पान लागलं’ म्हणतात. या शब्दांविषयीचे गैरसमज दूर व्हायला हवेत, कारण त्यांतल्या काहींमुळे जीव जाऊ शकतो.

गैरसमज : नाव घेतलं की साप येतो.
वस्तुस्थिती : सापाला बाहेरून दिसणारे कान नसतात. जमिनीची कंपनं आणि काही खालच्या पट्टीतले आवाज त्याला जाणवतात, पण आपलं बोलणं त्याला कळत नाही. ‘जनावर दिसलंय, बॅटरी आण’ हे वाक्य माणसांसाठी असतं. शेजारी झोपलेली पोरं घाबरत नाहीत आणि मोठ्यांना सावध व्हायचा इशारा मिळतो.

गैरसमज : असं आडून बोलणं अडाणीपणाचं.
वस्तुस्थिती : शिकलेली घरंही असंच बोलतात. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, बांगडी फुटली तर ‘वाढवली’, दुकान बंद केलं तरी ‘वाढवलं’. ज्या रोगाच्या निर्मूलनाची घोषणा १९८० साली झाली, त्याला आपण ‘देवी’च म्हणत होतो, आणि लसही ‘देवीची’च होती. समोरच्याचं मन न दुखवता कठीण गोष्ट सांगण्याची ही रीत आहे.

गैरसमज : ‘नागोबा’ म्हटलं, भाऊ मानलं की नाग चावत नाही.
वस्तुस्थिती : नात्याचा शब्द नागाला बदलत नाही, माणसाला बदलतो. ज्याला भाऊ म्हटलं, त्याच्यावर काठी उगारताना हात अडखळतो. मात्र नाग रानटी जीवच राहतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांच्या आधारेच शिराळ्यातल्या जिवंत नागांच्या खेळांवर बंदी आली.

गैरसमज : ‘पान लागलंय’ म्हटलं की कुणालाही कळतं.
वस्तुस्थिती : शब्दाला अर्थ येतो तो बोलणारा आणि ऐकणारा या दोघांच्या ओळखीतून. परगावाहून आलेल्या डॉक्टरला ही खूण ठाऊक असेलच असं नाही. म्हणून १०८ वर फोन करताना आणि दवाखान्यात पोचल्यावर स्पष्ट सांगा : ‘साप चावलाय.’ किती वाजता, शरीरावर कुठे, सूज आहे का, पापण्या जड झाल्या का, श्वासाला त्रास किंवा कुठून रक्तस्राव होतोय का, हेही सांगा. साप पकडून न्यायची गरज नाही. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालते आणि डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवतात.

आजीचे शब्द घरात जरूर जपावेत, त्यांत माणसांची काळजी आहे. दंश झाला की मात्र तीच काळजी सरळ शब्दांत बोलली पाहिजे, आणि हा फरक पोरांना घरातच शिकवला पाहिजे.