गाडी खाली घेण्यापूर्वी

तरुण मुलांच्या घरात हल्ली एक मागणी कानी येते: गाडीला कॉइलओव्हर बसवायचे. अब्बांना ती उधळपट्टी वाटते, तर अम्मीला भीती की गाडी जमिनीला टेकेल. आमच्या मते सरसकट नकार देऊ नये. शॉकअप झिजलेच असतील तर चांगली वस्तू घेण्यात गैर काही नाही. फक्त ती कोणती, हे एकत्र बसून ठरवावे.

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेला संच. बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना मुळातच अशी रचना असते. नवे एवढेच की बाहेरून आटे पाडलेले असतात आणि नट फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते. स्वस्त संचात स्प्रिंगची बैठक खाली घेऊनच गाडी उतरते. मग शॉकअपला दबायला जागा कमी उरते आणि प्रत्येक खड्ड्यात रबरावर आदळते. काही संचांत खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, त्यामुळे ती जागा शाबूत राहते. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा. दुसरा प्रश्न, गाडी मूळ उंचीवर ठेवता येते का? कित्येक संच मूळ उंचीपर्यंत पोहोचतच नाहीत.

उंचीचा हिशेब घरीच होतो. आपल्या छोट्या गाड्या रिकाम्या असताना जमिनीपासून साधारण 160 ते 170 मिलिमीटर वर असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधक 100 मिलिमीटर उंच असतो, आणि गल्लीतले गतिरोधक नियम वाचून बांधलेले नसतात! गाडी 40 मिलिमीटर उतरवली, ईदला पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीकडे निघालात, की सायलेन्सर घासलाच म्हणून समजा. घरच्या गाडीला 15-20 मिलिमीटरहून अधिक उतरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरी निवड स्प्रिंगच्या कडकपणाची आहे. तो किलो प्रति मिलिमीटरमध्ये सांगतात. 5 किलोच्या स्प्रिंगवर 50 किलो जादा वजन आले तर ती 10 मिलिमीटर दबते. अडीच किलोची 20. छोट्या गाडीच्या मूळ स्प्रिंगा बहुधा 2-3 किलोच्या असतात. दुपटीहून कडक घेतल्या तर मागे बसलेल्या नानींची कंबर प्रत्येक जोडावर तक्रार करील. शिवाय कडक स्प्रिंगला आवरणारा शॉकअप तेवढाच दमदार हवा, नाहीतर गाडी उसळत राहते आणि वळणावर चाकाची पकड सुटते. म्हणून बटणाला किती टप्पे आहेत, याच्या फुशारकीला भुलू नये. बिलस्टीनच्या बी14 मध्ये फक्त उंची बदलते, तरी तो चांगला मानला जातो. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट 1 चेही तसेच. टप्पे असतील तर सर्वांत मऊपासून सुरुवात करून डावी-उजवी बाजू सारखी ठेवत एकेक टप्पा वाढवावा.

स्प्रिंग कापून गाडी उतरवणाऱ्या गॅरेजपासून मात्र मुलांना दूर ठेवावे. त्यात स्वस्ताईखेरीज काहीच नाही.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते. आरटीओत आधी विचारावे, विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

बसवल्यावर व्हील अलाइनमेंट केलेच पाहिजे, नाहीतर टायर आतून खाल्ले जातात. दोन-तीनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी आटे धुऊन ग्रीस लावावे, कारण चिखल-खाऱ्या हवेने नट गंजून एकदा अडकला की उंची बदलण्याची सोय कागदावरच उरते. आणि काढलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारवाल्याला देऊ नका. गाडी विकताना गिऱ्हाईक त्याच मागते.