जुन्या गाडीचा खोडवा

ऊस विकास विभागाचे पान म्हटले की बेणे, लागण आणि हुमणी एवढेच वाचायला मिळणार अशी आपली समजूत असते. या अंकात विषय थोडा आडवळणाचा आहे. गटात फिरताना अलीकडे आम्हाला उसाबरोबर आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, जुनी गाडी पुण्यात कुणाला दाखवावी? परवडेल आणि फसवणार नाही असा कुणी आहे का?"

विचारणारे बहुतेक चार-पाच एकरांचे बागायतदार. दारात पंधरा-सोळा वर्षांची मारुती ८००, ओम्नी नाहीतर इंडिका. नवी घ्यायची तर दोन-तीन हंगामांची बिले त्यात जातात आणि जुनी विकायला काढली तर भंगाराचा भाव सांगतात. गाडी तर लागतेच. म्हातारा माणूस रात्री-अपरात्री ससूनला न्यायचा झाला तर एस.टी.ची वाट बघत बसता येत नाही.

आपण जुन्या गाडीशी खोडव्यासारखे वागतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. लागणीच्या उसाला सगळे लाड. खोडवा मात्र फुकटात आलेले पीक, म्हणून बुडखे छाटत नाहीत, खत वेळेवर देत नाहीत, आणि मग उतारा घटला की "खोडवाच तो" म्हणून मोकळे! गाडीचे तसेच. वॉरंटी असेपर्यंत तारखेला सर्व्हिसिंग, पुढे ऑइल काळे डांबर होईपर्यंत झाकण उघडायचे नाही. वास्तविक जुन्या गाडीला लक्ष जास्त लागते, पैसा मात्र कमी लागू शकतो. तो कसा, हे आमच्याच गाडीवरून सांगतो.

आमची मारुती ८०० ही २००८ सालची. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण हेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन ओम्नीतही होते आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. त्यामुळे इंजिनाच्या सुट्या भागांची अजून तरी ददात नाही. उन्हाळ्यात गाडी तापू लागली. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने तपासून हेड गॅस्केट आणि इंजिनकाम मिळून बावीस हजारांचे अंदाजपत्रक हातात दिले. आम्ही कागद खिशात घातला, सही केली नाही, आणि निघालो.

आमचे मेहुणे म्हणाले, "ही गाडी ठेवणाऱ्या माणसाला येरवड्याला पाठवले पाहिजे." पुणेकरांच्या तोंडी या वाक्याचा अर्थ काय होतो ते आपण जाणताच. गंमत अशी की आम्ही खरोखरच येरवड्याला गेलो, गाडीसकट. नगर रस्त्याने पुण्यात शिरताना वाघोली, खराडी मागे पडली की येरवडा येतोच. बाहेरच्या माणसाला तिथले मनोरुग्णालय आणि मध्यवर्ती कारागृह एवढेच ठाऊक असते. १९३२ चा पुणे करार या कारागृहात झाला. गांधीजींच्या इथल्या तुरुंगवासावरून पेटीत मावणाऱ्या चरख्याला 'येरवडा चक्र' हे नाव पडले. पेटी उघडली की सगळी चाके डोळ्यांपुढे. बिघाड कुठे आहे ते सूत काढणाऱ्यालाच दिसावे. मोटारीचे बॉनेट उघडून मात्र आपल्याला काही कळत नाही, आणि सगळी भीती तिथूनच सुरू होते.

आम्ही ज्या मिस्त्रीकडे गेलो त्याचे गॅरेज आतल्या गल्लीत, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढे. त्याने बॉनेटला हात लावायच्या आधी विचारले, "कुठं तापते? सिग्नलला का हायवेला?" आम्ही सांगितले, हायवेला काटा जागेवर असतो, गर्दीत उभी राहिली की चढतो. मग पाणी किती दिवसांनी कमी होते, धूर पांढरा येतो का, हे प्रश्न झाले. एवढे झाल्यावर आम्ही निम्मे निश्चिंत झालो. कारण आमचा धंदाही हाच आहे. सभासद म्हणतो, "ऊस पिवळा पडलाय." आम्ही विचारतो, खालची पाने का वरची? खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्राचा संशय येतो, वरची कोवळी पाने पडत असतील तर लोहाचा, ज्याला आपण केवडा म्हणतो. न विचारता खताचे पोते सुचवणारा आणि न विचारता इंजिन खोलायला निघणारा, दोघेही सारखेच.

मिस्त्रीने इंजिन गार होऊ दिले, मग रेडिएटरचे झाकण काढले. डिपस्टिक ओढून ऑइल बोटावर घेतले. गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये उतरले असते तर ते दुधाळ दिसले असते, तसे नव्हते. मग रेडिएटरच्या पंख्याला बॅटरीवरून थेट वायर दिली, पंखा गरगर फिरला. म्हणजे मोटर ठीक, तिला चालू करणारा स्विच मेलेला. हायवेला समोरून वारा मिळतो म्हणून तापत नव्हती, सिग्नलला पंख्यावाचून तापत होती. स्विच, नवे झाकण, कूलंट आणि मजुरी मिळून एकोणीसशे रुपये झाले. जुना स्विच त्याने न मागता आमच्या हातात ठेवला.

आता असा मिस्त्री प्रत्येकाला पहिल्या फेरीत मिळेल असे नाही. मोठे सर्व्हिस सेंटर सगळे लुटारू आणि गल्लीतला मिस्त्री तेवढा साधू, असेही कुणी समजू नये. उलट अनुभव असलेले सभासद आमच्या माहितीत आहेत. इंजेक्शनच्या गाडीतला दोष कधी कधी स्कॅनर लावल्याशिवाय सापडत नाही, आणि तो यंत्राचा खर्च गल्लीतल्या प्रत्येकाला झेपत नाही. मुद्दा वेगळाच आहे. आपला सभासद काट्यावर उसाची गाडी घातल्यावर वजनाची पावती घेतल्याशिवाय हलत नाही. पाच किलोंचा फरक वाटला तर शेतकी विभागात येऊन आम्हाला धारेवर धरतो, आणि ते योग्यच आहे. तोच सभासद गॅरेजमध्ये चार हजार रुपये मोजतो आणि साधी चिठ्ठी मागत नाही. मागायला संकोच वाटतो! मग सहा महिन्यांनी क्लचप्लेट बदलली होती की नुसती आवळली होती, हे ना मालकाला सांगता येते ना मिस्त्रीला.

चिठ्ठी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे वस्तूचे किंवा सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथाच धरली जाते. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली ती पुण्यातच, तेव्हा पुण्यात बिल मागायला लाजण्याचे कारण नाही. तक्रारच करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. आम्ही शंभर पानी वही गाडीतच ठेवतो. तारीख, किलोमीटर, काय बदलले, कुणी बदलले, किती दिले. मिस्त्रीही ती वही बघून काम सांगतो. प्लग कधी टाकले हे आठवत बसायला नको.

सुट्या भागांचे म्हणाल तर नाना पेठेत सगळे मिळते, अस्सलही आणि नक्कलही. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांत काटकसर करू नये. आरसा, दाराची कडी, वायपरचा दांडा असल्या गोष्टी बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून आणल्या तरी चालतील. भाग आपण आणायचा की मिस्त्रीने, हे आधी ठरवावे. आपण आणला आणि तो चुकीचा निघाला तर त्याचा दोष त्याच्यावर ढकलता येत नाही. बाहेरच्या गॅरेजांना अस्सल भाग आणि तांत्रिक माहिती मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड सुनावला होता. कंपन्या अपिलात गेल्या, पण गल्लीतल्या मिस्त्रीची अडचण त्या निकालाने कागदावर तरी आणली.

आता एक विषय, जो आपल्या पत्रिकेत कुणी काढत नाही. पेट्रोलमधले इथेनॉल. ते आपल्याच उसाचे आहे, त्यावर आपला दर अवलंबून आहे, आणि आम्ही त्याचे पक्के समर्थक आहोत. पण खरे ते सांगितले पाहिजे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि आता ते सगळीकडे मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या बहुधा त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने उष्णता सुमारे दोन-तृतीयांशच असते, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. शिवाय इथेनॉल पाणी ओढते आणि टाकीतला जुना गाळ सोडवते. गाडी झटके देऊ लागली तर आधी पेट्रोल फिल्टर बघायला सांगावा. जुनी रबरी नळी आणि गॅस्केट यांवरही परिणाम होतो, आणि असे भाग वेळेआधी बदलावे लागतील हे सरकारनेही मान्य केले आहे. आमच्या मिस्त्रीने नळी बदलताना जुनी वाकवून दाखवली, बारीक भेगा उमलल्या. पेट्रोल गळून बॉनेटखाली आग लागण्यापेक्षा चारशे रुपयांची नळी स्वस्त. पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

खर्चाचा हिशेब करताना सरकारी खर्चही धरावा. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरील मोटारीला १०,००० रुपये. पर्यावरण कर निराळा. गाडी तपासणीत उतरली तरच हे होते, म्हणून हॉर्न, दिवे, हँडब्रेक आणि धूर आधी मिस्त्रीकडून बघून घ्यावे. आणि जमिनीचा पत्रा, चासी गंजून सोलायला लागली असेल तर मात्र पैसा घालू नये. इंजिन कितीही गोड चालत असो, अशी गाडी धडकेत माणसाला वाचवत नाही. खोडव्यालाही तिसऱ्या-चौथ्या वर्षी नांगर घालावाच लागतो.

आमच्या वहीत सध्या पुढचे काम लोअर आर्मचे बुश एवढेच आहे. गाळप सुरू झाले की आम्हाला चार महिने सवड नसते, आणि मिस्त्रीकडे दसऱ्याच्या आधी गर्दी होते. म्हणून ज्यांची गाडी दाखवायची आहे त्यांनी सप्टेंबरातच, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. शनिवारी जाऊ नये. घाईत काम होते.