गावात फायबर आलं, पण पुराच्या रात्री नेट टिकणार का?

इचलकरंजी : पावसाळ्यात पाऊस लागून राहिला की हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत एकच प्रश्न फिरतो, 'राजाराम बंधाऱ्याला किती फूट?' कोल्हापूरजवळच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं.

बंधाऱ्यावरचं पाणी इचलकरंजीवरून खाली शिरोळकडे सरकायला वेळ लागतो. मोबाइलवरचा निरोप मात्र काही सेकंदांत पोहोचतो. या दोन्हींच्या मधला वेळ हीच गावातल्या तरुण मंडळांची, बचत गटांची खरी शिदोरी. जनावरं हलवायची, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना आधी बाहेर काढायचं, शाळा उघडून मुक्कामाची सोय करायची, हे सगळं त्याच वेळेत बसवावं लागतं. म्हणून गावात नेट चांगलं असणं ही नुसती करमणुकीची गोष्ट राहिलेली नाही.

चढता वेग बघा

नेटचा प्लॅन घेताना बहुतेक जण डाउनलोडचा वेग विचारतात. सिनेमा बघायला तो पुरतो. स्वयंसेवकांचं काम मात्र उलट्या दिशेचं असतं. पाण्यात बुडालेल्या घरांचे फोटो, लाभार्थ्यांच्या याद्या, रक्तदात्यांची माहिती, मदत केंद्राशी व्हिडिओ कॉल, हे सगळं गावातून बाहेर पाठवायचं असतं. त्याला अपलोड लागतं.

साधा हिशेब करून बघा. प्रत्येकी 5 एमबीचे 40 फोटो म्हणजे 200 एमबी. अपलोडचा वेग 2 एमबीपीएस असेल तर ते जायला 13 मिनिटांहून जास्त लागतात. 50 एमबीपीएस असेल तर साधारण अर्ध्या मिनिटात काम होतं. 2023 पासून देशात 'ब्रॉडबँड' म्हणवण्यासाठी किमान 2 एमबीपीएस डाउनलोड वेग ठरवला आहे. म्हणजे कागदावर ब्रॉडबँड असलं तरी घाईच्या वेळी ते पुरेलच असं नाही.

एक केबल तुटली की गावं बंद

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली. पुढे तिलाच 'भारतनेट' हे नाव मिळालं. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणाहून फांद्या फुटाव्यात तशा गावांकडे केबल टाकल्या गेल्या. यात एक अडचण आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीने मधेच केबल तोडली की त्यापुढची गावं एकदम बंद पडतात.

यावर उपाय म्हणजे गोल जोडणी. गावं कड्यासारखी जोडली की एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहतं. 2023 मध्ये मंजूर झालेल्या 1,39,579 कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात अशीच जोडणी आणि दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे.

विजेचा प्रश्न तरीही उरतो. पुरात महावितरणला सुरक्षिततेसाठी पुरवठा बंद करावा लागतो. केबल शाबूत असली तरी ग्रामपंचायतीतलं यंत्र विजेशिवाय चालत नाही आणि बॅटरी संपली की मोबाइल टॉवरही गप्प होतो. त्यामुळे पुराच्या रात्री वेगापेक्षा नेट टिकणं जास्त मोलाचं.

वारणेचा धडा

गावं नेटने जोडायचा प्रयोग कोल्हापूर जिल्ह्याला नवा नाही. 1998 मध्ये पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे 70 गावं त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रं झाली. शेतीपासून शिक्षणापर्यंत सगळी माहिती तिथे मिळेल, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात ती केंद्रं मुख्यतः उसाच्या हिशेबासाठीच वापरली गेली. संगणक जुने झाले, देखभाल महाग पडू लागली. मग 2006-07 च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसने तीच माहिती देऊन पाहिली. शेतकऱ्यांचं काम भागलं आणि खर्चही कमी आला.

धडा साधा आहे. लोकांना रोज लागणारं काम असेल तरच यंत्रणा टिकते. आणि ते काम स्वस्तातल्या, हाताशी असलेल्या साधनावर झालं पाहिजे. वेगवान नेट आल्याने मंडळं उभी राहत नाहीत. आधीच राबणाऱ्या मंडळाचा वेळ आणि हेलपाटे मात्र त्याने नक्की वाचतात.

मंडळांनी आत्ताच काय करावं?

- ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी आहे का, चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारा. बंद असेल तर लेखी तक्रार द्या.
- नेट घेताना अपलोडचा वेग आणि बिघाड किती तासांत दुरुस्त होणार, या दोन गोष्टी पक्क्या करून घ्या.
- नेटचं यंत्र इन्व्हर्टरला जोडा. ते आणि इन्व्हर्टर पाणी चढणार नाही अशा उंचीवर ठेवा.
- गल्लीनिहाय याद्या मोबाइलसोबत कागदावरही ठेवा. आजारी, अपंग, गरोदर महिला यांची नोंद वेगळी करा. ही यादी ग्रुपवर टाकू नका, जबाबदार दोघा-तिघांकडेच राहू द्या.
- पाणीपातळीचा निरोप एकाच माणसाने, वेळ लिहून टाकावा. जुना फोटो पुन्हा फिरला की घबराट होते.
- नेट गेलं तर एसएमएस, तेही गेलं तर देवळाचा भोंगा, हा क्रम आधीच ठरवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 आणि तातडीच्या मदतीचा 112 हे नंबर सगळ्यांना पाठ असू द्या.

यंत्रमागाच्या पाळ्या सांभाळून रात्री मदतीला येणारी पोरं इचलकरंजी परिसरात कमी नाहीत. त्यांना वेळेवर आणि खरा निरोप मिळाला तर एखादं कुटुंब पाणी दारात येण्याआधी बाहेर निघू शकतं. ही तयारी कोरड्या दिवसांतच करावी लागते. पाणी चढायला लागल्यावर केबल जोडायला कुणी येत नाही.